भाडेकरूंच्या रोजच्या तक्रारी कशा थांबल्या

कोथरूडचा आमचा वन बीएचके भाड्याने दिला आणि महिनाभरात फोन वाजला की छातीत धस्स व्हायला लागलं. नळ ठिबकतोय, पडद्याचा रॉड हलतोय, हॉलला नवा रंग हवा. कधी रात्री साडेदहालासुद्धा.

शेवटी एका रविवारी स्वतः गेले. बेसिनच्या नळाखाली स्टीलची वाटी ठेवली होती, गप्पा मारेपर्यंत भरून वाहायला लागली. तक्रार खरी होती आणि मी ती तीन आठवडे टाळत होते. दुरुस्ती काय, तर एक वायसर! फार वाईट वाटलं.

११ महिन्यांनी करार नव्याने करताना सगळं लिहूनच घेतलं. गळती, वायरिंग, गिझर आमच्याकडे. बल्ब, वायसर, पडदे त्यांच्याकडे. रंग घर रिकामं झाल्यावर. करार रीतसर नोंदवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती घरमालकाचीच जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. हे कितीजणांना माहीतच नसतं.

प्लंबरचा नंबरही त्या ताईंना देऊन टाकला. परवा गिझरसाठी फोन आला, त्याच संध्याकाळी माणूस पाठवला.