बाळाचे ठोके ऐकताय? आधी या चुका टाळा

रात्री सव्वाअकराला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. रडून डोळे लाल. "मावशी, परवा सापडले होते गं ठोके, आज काहीच नाही." ती पलंगावर उताणी, पोटावर ऑनलाइन मागवलेलं डॉपलर, म्हणजे ठोके ऐकवणारं छोटं मशीन, आणि शेजारी जावई मोबाईलचा टॉर्च धरून उभे. नववा आठवडा चालू होता. त्याचा प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचा भाग, बेंबीच्या अगदी शेजारी. मी विचारलं, "परवा आकडा किती दाखवला होता?" म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी." नवव्या आठवड्यात बाळाचा आकडा १७० च्या आसपास असतो. म्हणजे परवाही तिने बाळाचे ठोके ऐकले नव्हतेच. दोन दिवस ती स्वतःचीच नाडी ऐकून खुश होती.

गरोदर बायकांच्या ओपीडीत नर्स म्हणून काम करताना हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मोजत नाही. मशीन गप्प राहिलं की घर हादरतं आणि मशीन वाजलं की घर निवांत होतं. पहिल्या तीन महिन्यांत दोन्हींवर विश्वास ठेवू नका. आणि मला विचाराल तर त्या वाजण्याचीच जास्त भीती वाटते. का, ते शेवटी सांगते.

आठवडे मोजायलाच चुकणं

निम्मे घोटाळे इथेच होतात. "दुसरा महिना संपला, तरी ठोके नाहीत" म्हणत बाई येते. विचारावं, महिने कशावरून धरले? तर पाळी चुकली त्या तारखेवरून. डॉक्टर मोजतात ते शेवटची पाळी आली त्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकून घरी किटवर दोन रेघा दिसतात तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. आजी म्हणते "तिसरा लागला", सून म्हणते "दोन झाले", रिपोर्टवर लिहिलंय "८ आठवडे ५ दिवस". तिघींचंही खरं असतं, फक्त मोजपट्टी वेगळी. एक गंमत आणखी सांगते. रिपोर्टवर ७.३ असं लिहिलं असेल तर ते सात पूर्णांक तीन दशांश नव्हे, सात आठवडे तीन दिवस. ७.६ च्या दुसऱ्या दिवशी थेट ८ येतो.

पाळी अनियमित असेल तर गोंधळ आणखी वाढतो. समजा तुमची पाळी ४५ दिवसांनी येते. बीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे तुमचं सुटलं ३१ व्या दिवसाच्या आसपास. २८ दिवसांचं चक्र असलेल्या बाईचं १४ व्या दिवशी सुटतं. फरक १७ दिवसांचा. पाळीच्या तारखेने तुम्हाला सात आठवडे, म्हणजे ४९ दिवस झाले असले तरी गर्भ प्रत्यक्षात ३२ दिवसांच्या हिशोबाचा, जेमतेम साडेचार आठवड्यांचा. त्या वेळी जगातल्या कुठल्याच मशीनवर ठोके दिसणार नाहीत. पीसीओडी असलेल्या, अंगावर पाजत असताना दिवस गेलेल्या, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या बंद केलेल्या बायकांचं असं हमखास होतं. म्हणून सोनोग्राफीला जाताना पाळीची तारीख सांगाच, पण "माझी पाळी उशिरा येते" हेही न विचारता सांगा. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. "आठवत नाही" हे उत्तर डॉक्टरांना चालतं.

दिसण्याची वेळ वेगळी, ऐकू येण्याची वेगळी

आतून केलेल्या सोनोग्राफीत, म्हणजे टीव्हीएसमध्ये, साडेपाच ते सहा आठवड्यांच्या सुमारास पडद्यावर बारीकशी फडफड दिसते. पोटावरून केली तर त्याहून साधारण आठवडाभर उशिरा. हातातलं डॉपलर, तेही दवाखान्यातलं आणि सरावाच्या हातातलं, दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान बोलायला लागतं. आणि आम्ही वापरतो तो कर्ण्यासारखा फीटोस्कोप, ज्याची घडण अॅदोल्फ पिनार या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्ये केली, तो तर १८ ते २० आठवड्यांच्या आधी कानाला लावून उपयोग नाही. आमच्या शिकाऊ मुली तो लावून "ऐकू आलं, ऐकू आलं" म्हणतात, तेव्हा निम्म्या वेळा त्यांच्याच कानातलं रक्त धडधडत असतं.

घरातला बीपीचा स्टेथोस्कोप आणि "बाळाचे ठोके ऐका" म्हणणारी मोबाईल ॲप यांच्यावर एकच वाक्य पुरे: फोनच्या माइकला दहा आठवड्यांच्या बाळाचं हृदय ऐकू येत नाही, तो तुमच्या आतड्यांची गुरगुर ऐकवतो.

प्रोब बेंबीवर ठेवणं

पोट म्हटलं की हात बेंबीकडे जातो. पण बाराव्या आठवड्यात गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडावरून जेमतेम डोकं वर काढते. बेंबीपर्यंत पोचायला तिला विसावा आठवडा उजाडतो. तेव्हा बेंबीपाशी शोधणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसाला गच्चीवर शोधणं. प्रोब खाली, केसांची रेघ सुरू होते तिथे, मधोमध ठेवावा लागतो आणि हाडाच्या मागे, खालच्या दिशेला झुकवावा लागतो. तोही घासत फिरवायचा नाही. एका जागी टेकवून फक्त मनगटाने तिरका करायचा, कोन बदलत राहायचा. जेली भरपूर हवी, कारण कातडी आणि प्रोबमध्ये हवा राहिली की आवाज आत जातच नाही. पावडर, खोबरेल, लोशन हे प्रयोग नकोत.

इतकं करूनही सापडत नाही, त्याला साधी कारणं असतात. पिशवी मागे झुकलेली असते, वार, म्हणजे प्लॅसेंटा, पुढच्या बाजूला असते, पोटावर चरबी जास्त असते, किंवा बाळ त्या क्षणी कडेला गेलेलं असतं. दवाखान्यात आम्हालाही अकराव्या आठवड्यात कधीकधी सापडत नाही. तेव्हा आम्ही प्रोब पुसून ठेवतो आणि सोनोग्राफी करून बघायला सांगतो. अर्धा तास दाबत बसत नाही.

आईची नाडी बाळाची समजणं

ओळखायची रीत साधी आहे. एका हाताने स्वतःच्या मनगटावरची नाडी धरा. मशीनचा ठोका आणि बोटाखालचा ठोका एकत्र पडत असेल तर तो तुमचाच. मंद, वारा घुसल्यासारखा "हूश... हूश" आवाज गर्भपिशवीच्या किंवा वारेच्या रक्तवाहिन्यांचा असतो, तोही तुमच्याच नाडीच्या चालीने चालतो. बाळाचा आवाज घोड्याच्या टापांसारखा, भरधाव.

पण फक्त आकड्यावर जाऊ नका, कारण मशीन मोजण्यात चुकतं. एका ठोक्याचे दोन मोजतं, दोनाचा एक मोजतं. घाबरलेल्या आईची नाडी ८० असली आणि मशीनने दुप्पट धरली की पडद्यावर १६० येतात, म्हणजे अगदी बाळासारखे. शिवाय जे ऐकू येतं तो हृदयाचा खरा आवाज नसतोच. हलणाऱ्या गोष्टीवरून परतलेल्या ध्वनिलहरींत जो फरक पडतो, त्याचा मशीनने बनवलेला तो आवाज असतो. पोटात रक्त कुठेही वाहिलं तरी ते वाजणार.

"कार्डिॲक ॲक्टिव्हिटी नॉट सीन" वाचून हातपाय गाळणं

म्हणजे "हृदयाची हालचाल दिसली नाही". या एका ओळीने किती घरांत चूल पेटत नाही! थांबा. त्या ओळीच्या वर दोन आकडे असतात, ते आधी बघा. एक सीआरएल, म्हणजे गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. दुसरा सॅकचा, म्हणजे गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा, सरासरी व्यास. टीव्हीएसमध्ये सीआरएल ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नसतील, किंवा सॅक २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ दिसत नसेल, तरच त्या एका सोनोग्राफीवरून गर्भ वाढत नाही असं पक्कं म्हणता येतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने हे निकष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी ५ मिलिमीटरवरच निकाल द्यायचे. लांबीचा आकडा मुद्दाम वर नेला, कारण मापात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडून चांगला गर्भ घालवला जायला नको.

तुमचा आकडा त्याखाली असेल तर रिपोर्टचा अर्थ "नाही" असा नसून "अजून कळत नाही" असा असतो. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, तीही शक्यतो आतूनच आणि शक्यतो त्याच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सेंटरला, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या सेंटरला पळू नका. एका दिवसात गर्भ साधारण एकच मिलिमीटर वाढतो, तेवढ्याने नवीन काही दिसत नाही आणि तीन रिपोर्टांतली तीन मापं मात्र डोकं फिरवतात. कोणी त्याच संध्याकाळी पिशवी साफ करायला सांगितलं, आणि तुम्हाला जोराचा रक्तस्राव किंवा असह्य दुखणं नाही, तर "डॉक्टर, आठवडाभर थांबून पुन्हा बघता येईल का?" असं विचारायला लाजू नका. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणं तर मुळीच नको.

उलटही होतं, ते लपवत नाही. थांबूनही काही वेळा ठोके येत नाहीत. तेव्हा बाई आधी हेच विचारते, माझ्याकडून काय चुकलं? बहुतेक वेळा काहीही नाही. इतक्या लवकर थांबणाऱ्या गर्भांपैकी बऱ्याच जणांत गुणसूत्रांची जुळणीच मुळात बिघडलेली असते. जिना चढल्याने, स्कूटरवर बसल्याने किंवा पपईची फोड खाल्ल्याने ते झालेलं नसतं.

"आवाज ऐकवा ना" असा हट्ट

सहा-सात आठवड्यांत डॉक्टर फडफड दाखवतात, आकडा लिहितात, पण आवाज ऐकवत नाहीत. नवरा बिचारा फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तयार असतो, त्याचा हिरमोड होतो. डॉक्टर कंजूष नसतात. आवाज ऐकवायला डॉपलर लावावं लागतं आणि त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा जाते, म्हणून पहिल्या दहा आठवड्यांत ते उगाच लावत नाहीत. आकडा एम-मोड नावाच्या सौम्य पद्धतीने पडद्यावरच्या रेघांवरून मोजतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये घरी डॉपलर लावून ऐकत बसण्याविरुद्ध सल्ला दिला, त्यामागेही हाच विचार: किती वेळ, किती वेळा लावलं यावर कुणाचंच लक्ष नसतं.

आकड्यावरून मुलगा-मुलगी

१४० च्या वर मुलगी, खाली मुलगा. हे अजूनही ऐकावं लागतं, तेही शिकलेल्या तोंडून. सहाव्या आठवड्यात ठोके १०० ते ११५ च्या आसपास असतात, नवव्यात १७० पर्यंत चढतात, मग हळूहळू उतरून पुढे ११० ते १६० मध्ये स्थिरावतात. या हिशोबाने प्रत्येक बाळ आधी मुलगा, मग मुलगी, मग परत मुलगा व्हायला हवं! शिवाय गर्भलिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. सोनोग्राफीच्या वेळी फॉर्म एफवर तुम्ही सही करता ती त्याचसाठी. तेव्हा सासूबाईंच्या आग्रहाखातर आकडा विचारून घेऊ नका.

ठोके ऐकू आले म्हणून दुखणं अंगावर काढणं

सुरुवातीला म्हटलं ना, मला वाजणाऱ्या मशीनची भीती जास्त वाटते, ती यामुळे. एक बाई दोन दिवस एका बाजूचं ओटीपोट दुखतंय, थोडं लाल जातंय, तरी घरीच होती. कारण? "डॉपलरवर ठोके येत होते." ते तिचेच होते, आणि गर्भ पिशवीत नसून बीजवाहक नळीत होता. वेळेत आली म्हणून वाचली.

किट पॉझिटिव्ह आहे आणि एका बाजूला कळ येते, खांद्याच्या टोकाला दुखतं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा अंगावरून जातंय, यातलं काहीही असेल तर मशीनला हात लावू नका. रिक्षा बोलवा, नाहीतर १०८ ला फोन करा, आणि सोनोग्राफी होईल अशा दवाखान्यात जा. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे फक्त सोनोग्राफी सांगते. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची हालचाल कमी वाटली तरी हाच नियम. त्रासात असलेल्या बाळाचेही ठोके वाजतातच, म्हणून "घरी ऐकून बघते आधी" नको.

भाचीला त्या रात्री एवढंच सांगितलं की डॉपलर ठेवून दे, काही दुखत नाही, काही जात नाही ना, मग सकाळी ये. सकाळी पोटावरून सोनोग्राफी झाली, आकडा आला १७२. पुढचे तीन आठवडे तिने मशीन कपाटात ठेवलं होतं. जावई सांगत होते, एकदाच बाहेर काढलं होतं म्हणून. बाराव्या आठवड्यात ओपीडीत आली तेव्हा मीच जेली लावली. प्रोब खाली ओटीपोटाच्या हाडाला टेकवला, थोडा झुकवला, आणि पाच-सहा सेकंदांत टापा सुरू झाल्या. ती मान उचलून माझ्या हाताकडे बघत राहिली.

"मावशी, एवढं खाली असतं होय?"