मॅग्नेटिक बेअरिंगवरचं फ्लायव्हील थरथरतंय? गेनला हात लावायच्या आधी या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकच्या पार्टवर हात बसलेली माणसं आहेत, त्यामुळं हल्ली इंजिनिअरिंगची पोरं फ्लायव्हीलचे, म्हणजे फिरून ऊर्जा साठवणाऱ्या जड चाकाचे, प्रोजेक्ट घेऊन आमच्याकडं येतात, रोटर (फिरणारा भाग) चुंबकावर तरंगवतात आणि आठ दिवसांनी परत, "सर, तरंगतोय, पण फिरवला की थरथरतोय." मी पहिलं विचारतो, थरथर किती हर्ट्झची? ते बघितलेलंच नसतं, गेन मात्र, म्हणजे सेन्सरनं रोटर सरकलेला दाखवला की कंट्रोलरनं चुंबकाला किती जोर लावायला सांगायचा ते प्रमाण, चार वेळा बदललेला असतो.

हीच सगळ्यात मोठी चूक. स्पीड हळूहळू वाढवत सेन्सरच्या सिग्नलचा एफएफटी (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर, त्याचा आलेख) काढा की. जी रेघ स्पीडबरोबर सरकते ती बहुतेक अनबॅलन्स (वजन एका बाजूला जास्त), जी दुप्पट-तिप्पटीवर सरकते ती बहुतेक सेन्सर रिंगच्या (शाफ्टवरची रिंग, जिच्यावरून सेन्सर रोटरची जागा मोजतो) गोलपणातली चूक, जी जागची हलत नाही ती फ्रेमची नाहीतर शाफ्ट लवचून थरथरण्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी, आणि जी स्पीडपेक्षाही जोरात वर चढते ती जायरोस्कोपिक, म्हणजे भोवऱ्यासारखं अक्षाचं डुलणं. प्रत्येकाचं औषध वेगळं.

अनबॅलन्स चुंबक सांभाळून घेईल असं समजू नका. २० किलोचा रोटर, वजनाचं केंद्र फक्त १० मायक्रॉन बाजूला, १२,००० आरपीएमला जोर होतो साधारण ३१६ न्यूटन, म्हणजे रोटरच्या वजनाच्या दीडपटीच्या वर, आणि स्पीड दुप्पट केला की तो चौपट. जी २.५ ग्रेडला (बॅलन्सिंगच्या अचूकतेची एक पातळी) या स्पीडला २ मायक्रॉनच चालतात, तेव्हा आधी बॅलन्सिंग. मग नॉच फिल्टर, म्हणजे स्पीडच्या फ्रिक्वेन्सीवर कंट्रोलरनं झगडायचं सोडून द्यायचं आणि रोटरला स्वतःच्या अक्षावर फिरू द्यायचं. पण तो पहिल्यापासून चालू ठेवतात, तिथं घात होतो. क्रिटिकल स्पीड (ज्या स्पीडला थरथर एकदम वाढते तो) ओलांडताना डॅम्पिंग, म्हणजे थरथर शोषून घेणं, लागतं, साधा नॉच तेच काढून घेतो आणि रोटर भिंतीला जातो. ओलांडल्यावर चालू करा.

सेन्सर रिंगवर माझे स्वतःचे दोन आठवडे गेलेत. तिप्पट फ्रिक्वेन्सीवर रेघ, काय केलं तरी जाईना. शेवटी डायल (मायक्रॉनमध्ये मोजायचं गेज) लावला तर ८ मायक्रॉन, तीन ठिकाणी उंच. पातळ रिंग थ्री-जॉ चकमध्ये आवळून टर्न केलेली, सोडल्यावर ती तीनकोनी झालेली! रोटर हलतच नव्हता, पण कंट्रोलरला वाटायचं हलतोय, म्हणून तोच त्याला हलवत होता. रिंग शाफ्टवर बसवून, जर्नलबरोबर (शाफ्टचा बेअरिंगमधला भाग) एकाच सेटिंगमध्ये सेंटरवर ग्राइंड करून घेतली आणि रेघ गेली.

आता जायरोस्कोपिक, इथं चांगली चांगली माणसं अडकतात. फ्लायव्हील चकतीसारखं असतं, ध्रुवीय जडत्व (फिरण्याच्या अक्षाभोवतीचं) आडव्या जडत्वाच्या (कलण्याच्या अक्षाभोवतीचं) १.८ पट असेल तर २०० हर्ट्झच्या फेऱ्यांना, म्हणजे १२,००० आरपीएमला, न्यूटेशन (अक्षाचं जलद डुलणं) जवळपास ३६० हर्ट्झला पोचतं. सॅम्पलिंग (कंट्रोलर सिग्नल किती वेळा वाचतो) १० किलोहर्ट्झ आणि उशीर दीड सॅम्पल धरला तर एवढ्यानंच १९ अंशाचा लॅग, म्हणजे कंट्रोलर डुलण्याच्या तेवढा मागं, वर अॅम्प्लिफायरचा वेगळा. अशात सिग्नलमध्ये नॉइज दिसतोय म्हणून लोक लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) घालतात, लॅग अजून वाढतो आणि थांबवायच्या ऐवजी कंट्रोलरच न्यूटेशनला ढकलायला लागतो. फिल्टर काढा, शील्डेड केबल घाला, अर्थिंग नीट करा. सरकणं आणि कलणं यांचे लूप वेगळे करा, कलण्याच्या दोन अक्षांमध्ये क्रॉस फीडबॅक (एका अक्षाचा सिग्नल दुसऱ्या अक्षाच्या चुंबकाला) द्या. दुसऱ्या टोकाला प्रिसेशन (अक्षाचं सावकाश डुलणं) शून्याकडं घसरत जातं, तिथं इंटिग्रल (साठत गेलेली चूक भरून काढणारा कंट्रोलरचा भाग) जास्त असेल तर रोटर सावकाश डुलत राहतो.

फ्रेमचं थोडक्यात: टेबलावर रबरी हातोडी मारून बघा, तीच फ्रिक्वेन्सी आली तर टेबल बदला.

आणि एक कळकळीनं सांगतो, उघड्यावर फिरवू नका. वरचाच २० किलोचा रोटर १५ सेंटीमीटर त्रिज्येचा असला तर त्यात १७८ किलोज्यूल असतात, एक टनाची गाडी १८ मीटरवरून पडावी तेवढे. जाड स्टीलचं कवच पाहिजेच. टचडाऊन बेअरिंगची (चुंबक बंद पडला तर रोटरला झेलणारं साधं बेअरिंग) फट चुंबकाच्या फटीच्या निम्मी ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा मोटर जनरेटर होऊन बेअरिंगला करंट देते का, हे १,००० आरपीएमला मेन स्विच ओढून आधी बघून घ्या, मगच वर जा.