चुकारा हाती येण्याआधी: शेतकरी घरानं खर्चाचे नियम कसे बांधावेत

खर्चाच्या नियोजनाचे बहुतेक सल्ले पगारदाराला धरून दिलेले असतात. एक तारखेला पगार झाला की त्याचे अमुक भाग करा, वगैरे. आमच्या घरात एक तारीख येतच नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या तोंडावर निघतं, कापूस दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तीन-चार वेच्यांत घरी येतो, तूर संक्रांतीच्या मागेपुढे. पैसा, म्हणजे विकलेल्या मालाचा चुकारा, येतो तो असा गठ्ठ्यानं, आणि जूनपासून पोळ्यापर्यंत घरातून नुसता जात राहतो. म्हणून आपले नियम महिन्याचे नकोत, सालाचे हवेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरातली. हिशेबाची वही काही वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि खाली लिहिलंय ते त्या वहीतूनच आलेलं आहे.

आधी आठ बाजार नुसतं लिहा

पहिल्याच दिवशी काटकसर सुरू करू नका. दोन महिने, म्हणजे आठ आठवडी बाजार, जे जातं ते फक्त लिहून ठेवा. वही कपाटात ठेवू नका. आमची दाराजवळच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली आहे, पेन्सिलही तिलाच बांधलेली. घरात येणारा प्रत्येक जण चप्पल काढतो आणि लिहितो. "तेल १ किलो, वांगी, मुलीची वही, ऑटो येणं-जाणं, खर्रा २." कुणी काय लिहिलं यावरून या दोन महिन्यांत भांडायचं नाही, हे मात्र आधीच ठरवून घ्या. भांडण झालं की माणसं खरं लिहीत नाहीत, आणि खोट्या वहीवर कुठलाच नियम उभा राहत नाही.

मग रुपये क्विंटलात मोजा

वहीतला प्रत्येक मोठा खर्च पिकात बदलून पाहा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, २० रुपयांना धरा. दिवसाला दोन म्हणजे ४० रुपये, सालाचे झाले १४,६००. क्विंटलला साडेसात हजार भाव मिळाला तर हा जवळपास दोन क्विंटल कापूस. पण तो काही फुकट पिकत नाही. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा जाता क्विंटलमागे हातात तीन हजार उरले असं धरलं, तर तोच खर्च पाच क्विंटलांवर जातो. आमच्या वावरात एकरी पाच-सहा क्विंटल होतो. म्हणजे एक अख्खा एकर पऱ्हाटी नुसत्या खर्र्यासाठी उभी! हा हिशेब मी घरात मोठ्यानं वाचला तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या पानांवर दोनाचा एक झाला. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो हे तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतंच.

तुमच्या घरचा आकडा तुम्हीच काढा. भाव, उतारा, खर्च प्रत्येक वावराचा वेगळा असतो. एकदा काढला की तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा: "आपला एक क्विंटल म्हणजे हातात इतके रुपये."

नियम पाडव्याला लिहा

सालदाराचं, म्हणजे सालभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल आपल्याकडे गुढीपाडव्याला बदलतं. खर्चाचं सालही तिथूनच धरा. कापूस बहुतेक विकला गेलेला असतो, कुणाचं किती देणं ते कळलेलं असतं आणि पेरणीला अजून वेळ असतो. चुकारा हातात पडल्यावर नियम बांधायला बसलात तर उशीर झालेला असतो. तेव्हा प्रत्येकाला काहीतरी हवं असतं, आणि मागणारा दरवेळी चुकीचा असतो असंही नाही.

त्या दिवशी एकच पान लिहायचं: पैसा आला की तो कुठे जाईल, क्रमानं. आमचा क्रम असा आहे. सगळ्यात आधी वेचणाऱ्या बायांची मजुरी, त्याच दिवशी. मग पीककर्ज. मग पुढच्या पेरणीचं बियाणं-खत. मग शाळा-कॉलेजची फी. मग पावसाळ्याच्या चार महिन्यांचा किराणा आणि औषधं. उरलं तर बाकीचं. पेरणीचे आणि पावसाळ्याचे पैसे आम्ही दुसऱ्या खात्यात टाकतो, ज्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. पैसे काढायचे तर तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्या कंटाळ्यानं आमचे बरेच पैसे वाचवले आहेत.

तीन बाजार थांबा

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला नियम हाच. ५०० रुपयांवरची कुठलीही वस्तू, औषध आणि शेतीचं अडलेलं काम सोडून, तीन आठवडी बाजार थांबूनच घ्यायची. मनात आली की वहीच्या शेवटच्या पानावर तिचं नाव आणि तारीख लिहायची. प्रत्येक बाजाराला निघताना ते पान वाचायचं. अजून हवीच असेल तर पुढे एक फुली. तीन फुल्या झाल्या की बिनधास्त घ्या, मग कुणी टोकायचं नाही.

हा नियम आला एका चुकीतून. एका साली चुकारा घेऊन आम्ही दोघं थेट दुकानात गेलो आणि हप्त्यावर मोठा टीव्ही उचलला. "बिनव्याजी" म्हणून सांगितलं होतं. घरी कागद नीट वाचला तेव्हा त्यात वेगळं शुल्क निघालं. सासूबाईंनी खोक्याकडे पाहून एवढंच विचारलं, "काहून आणला वं? जुना दिसत नव्हता का?" जुना चांगला दिसत होता. जुलैचा हप्ता भरायला आम्ही तूर विकली, घरी डाळीसाठी ठेवलेली, आणि पुढे दिवाळीपर्यंत डाळ दुकानातून विकत आणली.

आमच्या त्या पानावर आज अकरा नावं आहेत. मिक्सर तीन फुल्या झाल्यावर आला. सोफा, दुसरा मोबाइल, काचेचा डिनर सेट एका फुलीवरच थांबले.

उधारीचा नियम

किराण्याची उधारी बंद करता आली तर उत्तमच. नाही जमलं तर एका दुकानापुरती ठेवा आणि आकड्याची हद्द ठरवा. उधारीवर शेकडा तीन व्याज ऐकायला हलकं वाटतं. पण ते महिन्याचं असतं, सालाचं छत्तीस टक्के होतं. जूनला २० हजार घेतले आणि जानेवारीत फेडले तर सात महिन्यांचं व्याजच ४,२०० रुपये. याच्या समोर पीककर्ज ठेवून पाहा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं ४ टक्क्यांवर येतं, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तेही व्याज माफ होतं. मुदत चुकली की सवलत जाते. म्हणून आमच्या क्रमात ते मजुरीच्या लगेच मागे आहे. कृषी केंद्रात बियाणं घेताना रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगवेगळा विचारा. फरक तिथेच कळतो.

लग्न, तेरवी आणि आहेर

इथे नियम पाळणं सगळ्यात जड जातं, कारण प्रश्न पैशाचा कमी आणि चार लोकांत उठण्या-बसण्याचा जास्त असतो. याच वऱ्हाडातले गाडगेबाबा कीर्तनातून कर्ज काढून सण करू नका म्हणून जन्मभर सांगत फिरले, आणि आजही तेरवीच्या जेवणासाठी लोक व्याजानं पैसे काढतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. ज्याचं माणूस गेलं त्याच्याच डोक्यावर कर्ज!

आपल्या हातात एवढं आहे: आहेराची रक्कम पाडव्याला ठरवून ठेवा, जवळच्यांसाठी एक, बाकीच्यांसाठी एक, आणि मग माणूस पाहून ती बदलू नका. घरचं कार्य असेल तर पंगत किती पानांची, हे आचाऱ्याशी बोलण्याआधी लिहा. दुसऱ्याच्या घरी साधं कार्य झालं तर त्याला नावं ठेवू नका, घरातल्या पोरांनाही ठेवू देऊ नका. उद्या आपल्याला तेच करायचं असतं.

कशाला हात लावायचा नाही

काटकसर भलतीकडेच पोचू नये म्हणून हेही लिहून ठेवा. दूध, अंडी, डाळ, मुलींची शाळा, बाईमाणसाचं दुखणं. बहुतेक घरांत कात्री पहिल्यांदा यांवरच चालते, आणि तीही गुपचूप. मजुरी घासून वाचवलेल्या पैशालाही मी काटकसर म्हणत नाही. आणि घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनाही, दर बाजाराला थोडे पैसे असे द्या की ज्यांचा हिशेब वहीत लागणार नाही. आमच्या सासूबाई त्यातून बत्तासे आणतात आणि शेजारच्या लेकरांना वाटतात.

नियम मोडेल. मोडला की ती ओळ खोडू नका, समोर कारण लिहा. पाडव्याला पान नव्यानं लिहिताना तीच कारणं आधी वाचायची. गेल्या साली आमच्या वहीत "अचानक पाहुणे" नऊ वेळा आलं होतं. या साली पाहुण्यांसाठी वेगळा डबा ठेवला आहे.