स्क्रम टीममध्ये नेमकं कोणी काय करायचं? या चुका टाळा

स्क्रम म्हणजे छोट्या टप्प्यांत, टीमने मिळून काम करण्याची पद्धत. तिच्यातली सकाळची डेली, म्हणजे रोजची छोटी बैठक. आठ जण गोल उभे आहेत. प्रत्येक जण बोलतोय मॅनेजरकडे बघून. "काल लॉगिनचं काम केलं, आज तेच पुढे, अडचण काही नाही." त्याच्या शेजारी उभी असलेली सहकारी त्याच लॉगिनच्या एपीआयसाठी (दोन प्रोग्रॅमना जोडणारा भाग) दोन दिवस थांबली आहे. पण हेही ती मॅनेजरलाच सांगते, शेजाऱ्याला नाही. बारा मिनिटांत मीटिंग आटोपते, सगळे जागेवर जातात आणि एपीआय आणखी एक दिवस अडकून राहतो.

हे मी इतक्या टीममध्ये पाहिलंय की, भूमिकांबद्दल कोणी काही विचारलं की आधी त्यांची डेली बघायला जातो. कोण कोणाकडे बघून बोलतंय यावरून टीममध्ये निर्णय कोण घेतं ते कळतं. भूमिकांचे बहुतेक गोंधळ पदनामाचे नसतात. निर्णय कोणाचा, हे ठरलेलं नसतं, तिथे गाडी अडते.

डेलीचा उपाय सोपा आहे. स्क्रम गाइड या स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेप्रमाणे ही 15 मिनिटं डेव्हलपर्सची आहेत, आजच्या कामाची जुळवाजुळव करण्यासाठी. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन ठरावीक प्रश्नही 2020 च्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत. माणसागणिक फेरी बंद करा आणि कामाची कार्डं टप्प्यांच्या रकान्यांत लावलेल्या बोर्डासमोर उभं राहून उजवीकडून डावीकडे या. पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ असलेलं कार्ड आधी घ्या आणि विचारा, "हे आज संपवायला काय लागेल?" मॅनेजरने आठवडाभर डेलीला येऊच नये. माहिती हवी असेल तर बोर्ड आहेच.

प्रॉडक्ट ओनर नुसता निरोप्या झालाय

प्रॉडक्ट ओनर म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय करायचं आणि आधी काय, हे ठरवणारा. तो निरोप्या झाल्याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. डेव्हलपर विचारतो, "ऑर्डर अर्धी रद्द झाली तर डिलिव्हरी चार्ज परत करायचा का?" उत्तर येतं, "विचारून सांगतो." हे उत्तर यायला तीन दिवस लागतात, तोवर स्टोरी, म्हणजे कामाचा तो छोटा भाग, लोंबकळते. शेवटी डेव्हलपर स्वतःच्या अंदाजाने कोड लिहितो आणि रिव्ह्यूमध्ये तोच अंदाज चुकीचा ठरतो.

यात त्या माणसाचा दोष क्वचितच असतो. त्याला पद दिलेलं असतं, अधिकार नाही. गाइड स्पष्ट सांगतं की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नाही, आणि तिचे निर्णय संपूर्ण संस्थेने मानायचे असतात. त्यामुळे वरिष्ठांसोबत बसून ठरवून घ्या की कोणते निर्णय तो कोणालाही न विचारता घेईल आणि कोणते नाही. मग ते लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं पहिल्याच वादात हवेत विरतं.

स्क्रम मास्टर: कारकून की साहेब?

टीमला स्क्रम नीट वापरायला मदत करणारा तो स्क्रम मास्टर, म्हणजे दोन्ही नाही. पण बहुतेक ठिकाणी यातलं एक होतंच. मीटिंगची आमंत्रणं पाठवणं आणि लोकांची कार्डं हलवणं एवढंच काम उरलं असेल तर तो कारकून झाला. "हे तू कर, ते तिला दे" असं वाटप तो करत असेल तर साहेब झाला. कोणतं काम कोणी आणि कसं करायचं, हे डेव्हलपर्स ठरवतात. स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या एका फेरीत, किती काम घ्यायचं हेही तेच ठरवतात.

मग प्रोजेक्ट मॅनेजरचं काय? स्क्रममध्ये हे पदच नाही. पण बजेट, करार, बाहेरच्या पुरवठादारांशी बोलणी ही कामं संस्थेत कोणाला तरी करावीच लागतात आणि ती त्याने जरूर करावीत. कामाचं वाटप मात्र सोडावं. एकच माणूस प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर असला तर चालेल का, असंही विचारतात. गाइडमध्ये तशी मनाई नाही, पण मी नकोच म्हणेन. जास्त काम हवं असणारा आणि टीमचा श्वास जपणारा एकच असला की ओढाताणीत पहिलाच जिंकतो.

"माझं काम झालंय, टेस्टिंगला दिलंय"

ही चूक मला सर्वांत महाग पडली आहे. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटच्या दिवसाची आदली संध्याकाळ. सहापैकी पाच स्टोरी टेस्टिंगच्या रकान्यात आणि टेस्टर एकच. बाकीचे पुढच्या स्प्रिंटचं काम उघडून बसले होते. तिने रात्री उशिरापर्यंत बसून दोन तपासल्या आणि तीन पुढे ढकलल्या. रेट्रोत, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी काय सुधारायचं ते बघण्याच्या बैठकीत, पहिला प्रश्न आला तो "टेस्टिंग संथ का?" असा. मी तेव्हा गप्प बसलो, याची आजही खंत वाटते.

स्क्रममध्ये "डेव्हलपर" म्हणजे फक्त कोड लिहिणारे नव्हेत. टेस्टर, डिझायनर, काम पूर्ण करायला हातभार लावणारे सगळेच त्यात येतात. 2020 मध्ये गाइडने "डेव्हलपमेंट टीम" हा शब्दच वगळला, टीमच्या आत दुसरी टीम उभी राहू नये म्हणून. नंतर आम्ही नियम केला की टेस्टिंगच्या रकान्यात एका वेळी दोनच कार्डं. तिसरं यायची वेळ आली की कोड लिहिणाऱ्याने नवं काम न उघडता दुसऱ्याचं काम तपासायला घ्यायचं. सुरुवातीला कुरबुर झाली. पण कोड लिहिणारे स्वतः तपासू लागल्यावर चुका कुठे होतात ते त्यांनाच दिसायला लागलं. "झालं" म्हणजे काय, याची व्याख्याही भिंतीवर लावली: कोड रिव्ह्यू झाला, तपासणी झाली, मुख्य ब्रँचमध्ये (सगळ्यांच्या एकत्रित कोडमध्ये) गेलं. त्याआधी ते झालेलं नाही.

टीमच्या आकाराबद्दल थोडक्यात. गाइड साधारण 10 किंवा कमी माणसं सुचवतं. पाच जणांत आपसातल्या जोड्या 10 होतात, दहा जणांत 45. माणसं दुप्पट, बोलणी साडेचारपट.

स्टोरी पॉइंटवरून, म्हणजे स्टोरी किती मोठी याच्या अंदाजी आकड्यांवरून, माणसांची तुलना करू नका. केलीत की पुढच्या स्प्रिंटपासून आकडे फुगायला लागतात आणि अंदाज निरुपयोगी होतो.

रेट्रोमध्ये साहेब बसले की खरं बोलणं थांबतं, त्यांना विनंती करून बाहेर ठेवा. आणि दहा सुधारणांची यादी नको. एकच सुधारणा निवडा, तिच्यापुढे एका माणसाचं नाव लिहा आणि पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर इतर कार्डांसारखंच तिचं कार्ड लावा.