हार्मोन घ्यायचे की काढा? आधी रोजच्या गोळ्या टेबलावर मांडा

सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी, नाश्त्यानंतर बीपीची, जेवणाआधी शुगरची. पंचेचाळिशीतल्या कितीतरी बायकांचा दिवस असा चालतो. त्यातच पाळी मागेपुढे व्हायला लागते, रात्री मानेपाशी घाम फुटतो, पहाटे तीनला आलेली जाग काही केल्या मिटत नाही. कुणी शतावरी सुचवतं, कुणी अश्वगंधा. डॉक्टर हार्मोनचं, म्हणजे बीजकोशात कमी पडू लागलेलं इस्ट्रोजेन बाहेरून देण्याचं, नाव काढतात. यातलं काय चालेल आणि काय नाही, हे तुम्हाला आधीपासून कोणते आजार आहेत आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत यावरून ठरतं. म्हणून सगळ्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णाचे डबे एकदा टेबलावर मांडा. मुलाने ऑनलाइन मागवलेलं प्रोटीन आणि शेजारणीने दिलेला काढासुद्धा.

भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी पूर्ण थांबते. सलग 12 महिने पाळी आली नाही की ती थांबली असं धरतात. त्याआधीची काही वर्षं बीजकोश एकसारखं काम करत नाहीत. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन नेहमीपेक्षा जास्त तयार होतं, पुढच्या महिन्यात अगदी कमी. त्यामुळे 45 नंतर केवळ निदानासाठी एफएसएचची (बीजकोशांना काम करायला लावणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी करून फारसं हाती लागत नाही, कारण आजचा आकडा आणि महिन्याभराने आलेला आकडा यांचा मेळ बसत नाही. चाळिशीच्या आत पाळी अनियमित झाली तर मात्र ती तपासणी करायलाच हवी, तीही 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने दोनदा.

वही आणि तपासण्या

निदान सहा आठवडे रोज एक ओळ लिहा. अंगात अचानक गरम लाट येते तिला इथे वाफ म्हटलं आहे. ती अशी असावी: "12 तारीख. वाफा 5. रात्री दोनदा जाग. अंगावरून नाही. बीपी 138/86. थायरॉईडची गोळी 6.15 ला, चहा 6.30 ला." या ओळीतला शेवटचा तपशील सगळ्यात कामाचा आहे. थायरॉईडची गोळी घेऊन पंधरा मिनिटांत चहा घेतला तर ती नीट शोषली जात नाही. मध्ये अर्धा ते एक तास जायला हवा, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायला हवी. थकवा, जडपणा, पाळीतला घोळ यांचं मूळ कधी कधी एवढ्यातच सापडतं.

उलटंही होतं. थायरॉईडचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर घाम येतो, छातीत धडधडतं, झोप उडते. ही लक्षणं पाळी जाण्याच्या काळातल्या वाफांसारखीच दिसतात. म्हणून हार्मोनचा विचार करण्याआधी टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बी-12 बघून घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी चालू असेल आणि रात्री घामाने जाग येत असेल, तर त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर शुगर मोजा. ती 70 च्या खाली असेल तर ही वाफ नसून शुगर उतरली आहे. तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि डॉक्टरांना कळवून डोस बदलून घ्या.

रक्तस्रावाबाबत ढिलाई नको. "या वयात असं होतंच" म्हणून तासाला एक पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त जाणं हे अंगावर काढू नका. आधी सोनोग्राफी, आणि गरज पडली तर गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं. कारण कळेपर्यंत हार्मोन सुरू करत नाहीत.

हार्मोन कसे देतात

वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेनइतका गुण दुसऱ्या कशाचाच येत नाही. पण गर्भपिशवी जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीही घ्यायचं नाही. त्याने पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो. त्याच्या जोडीला अस्तर आटोक्यात ठेवणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, लागतंच. पाळी अजून येत असेल तर साधारणपणे इस्ट्रोजेन रोज आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन 200 मिलिग्रॅम महिन्यातल्या 12 ते 14 रात्री असा क्रम असतो. तो संपल्यावर पाळीसारखा स्राव होतो, आणि तो अपेक्षितच आहे. पाळी वर्षभर थांबलेली असेल तर 100 मिलिग्रॅम रोज रात्री. ही कॅप्सूल झोपताना आणि उपाशीपोटी घ्यावी. गुंगी येते म्हणून ती रात्री देतात, आणि भरल्या पोटी ती जास्त शोषली जाऊन चक्कर येऊ शकते. काही ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर पॅकवर वाचून घ्या.

सगळ्यात वाईट चूक इथेच होते. प्रोजेस्टेरॉनने सुस्ती येते, पोट फुगतं, म्हणून बायका ते सोडून देतात आणि इस्ट्रोजेन मात्र चालू ठेवतात. त्रास होत असेल तर दुसरा मार्ग आहे: 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) गर्भपिशवीत बसवायची, कॉपर-टीसारखी दिसणारी हार्मोनची कॉइल. ती पाच वर्षं अस्तर सांभाळते, जास्त अंगावरून जाणं कमी करते आणि गर्भनिरोधनाचंही काम करते. गर्भनिरोधन अजून लागतंच, कारण हार्मोन उपचाराने गर्भ राहणं थांबत नाही. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायची.

इस्ट्रोजेन गोळी, जेल किंवा पॅच या रूपांत मिळतं. सोबत दुसरा आजार असेल तर जेल किंवा पॅचच सहसा बरा. गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते. तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात, त्यामुळे पायात गुठळी होण्याचा धोका चढतो. त्वचेतून नेहमीच्या डोसमध्ये घेतलेल्या इस्ट्रोजेनने तसा धोका वाढताना दिसलेला नाही. लठ्ठपणा, बीपी, डायबिटीस किंवा पित्ताशयात खडे असतील तर हा फरक फार मोलाचा आहे.

जेल लावण्याचीही पद्धत आहे. अंघोळीनंतर कोरड्या त्वचेवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरवा. चोळून जिरवू नका, छातीवर लावू नका. पाच मिनिटं वाळू द्या, मगच कपडे घाला. हात साबणाने धुवा. तासभर त्या जागी पाणी, तेल किंवा क्रीम लागता कामा नये. अभ्यंग करायचं असेल तर ते अंघोळीआधी उरका. तेलकट त्वचेवर लावलेलं जेल नीट आत जात नाही, आणि मग "गुणच येत नाही" म्हणून डोस वाढवला जातो. लहान मुलाला कडेवर घेण्याआधी ती जागा झाकलेली हवी. एका मापात किती मिलिग्रॅम इस्ट्राडिऑल (जेलमधलं इस्ट्रोजेन) येतं ते पॅकप्रमाणे बदलतं. 0.06 टक्क्यांच्या जेलच्या अडीच ग्रॅममध्ये ते दीड मिलिग्रॅम असतं. सुरुवात बहुधा त्याच्या निम्म्याने होते.

स्तनाच्या कॅन्सरची भीती मनात असतेच, आणि ती विनाकारण नाही. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, जोडीने हार्मोन घेणाऱ्या 10,000 बायकांमागे वर्षाला 8 जणींना जास्तीचा स्तनाचा कॅन्सर झालेला दिसला. पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. त्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन दिलं होतं. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात केली तर त्रास असणाऱ्या बहुतेक निरोगी बायकांत फायद्याचं पारडं जड राहतं. स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा अलीकडे हार्ट ॲटॅक अथवा पक्षाघात झाला असेल तर हार्मोन देत नाहीत.

ज्यांचे दोन्ही बीजकोश 45 च्या आत काढले आहेत त्यांची गोष्ट वेगळी. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये फार कमी वयात गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न 2019 साली समोर आला. अशा ऑपरेशनचा कागद शोधा आणि बीजकोश ठेवलेत की काढलेत ते वाचा. काढले असतील तर हाडं आणि हृदय यांच्यासाठी, दुसरी अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यायला हवं. पिशवी नसल्याने प्रोजेस्टेरॉन बहुतेकींना लागत नाही. ज्यांना एंडोमेट्रिऑसिस (पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) होतं त्यांना मात्र डॉक्टर ते जोडीने देऊ शकतात.

तुमच्या आजाराबरोबर

थायरॉईड: इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली की रक्तात थायरॉईडचं हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि जुना डोस अपुरा पडू शकतो. 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. जेलने सहसा हा प्रश्न येत नाही.

बीपी: आधी आटोक्यात आणा, मग जेल. घरी बसून पाच मिनिटं शांत राहिल्यावर मोजा. वाफ येत असताना घेतलेला आकडा धरू नका.

अर्धशिशी: डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा येत असतील तर गर्भनिरोधक गोळ्या घातक. या उपचारातलं जेल मात्र कमी, स्थिर डोसमध्ये चालू शकतं. त्या रेषा दिसतात हे सांगायला विसरू नका.

फिट्सची औषधं: फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन इस्ट्रोजेनचा असर कमी करतात. लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण इस्ट्रोजेनमुळे उतरू शकतं. मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) चालू असेल तर वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी मूळची नैराश्यावरची गोळी देतात. त्याच प्रकारातल्या पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन नकोत, कारण टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर ती अडवतात.

वनौषधी, म्हणजे औषधच

"घरगुती आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य मनातून काढून टाका. ज्याने गुण येतो त्याने अपायही होऊ शकतो.

अश्वगंधेने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं. थायरॉईडची गोळी चालू असताना डोस अंगावर येऊन धडधड आणि घाम वाढतो, आणि बाई म्हणते पाळीचा त्रास वाढला. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी जास्त येते. यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. गुळवेलीचंही तसंच: 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. थायरॉईड, संधिवात, सोरायसिस यांसारखे शरीर स्वतःवरच उलटणारे आजार असतील तर गुळवेल टाळाच.

ज्येष्ठमध घशाच्या काढ्यात सर्रास पडतो. तो रोज घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. तुमच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर तिच्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. तेही पोटॅशियम घटवतं. दोन्ही मिळून पायातली ताकद जाते, ठोके चुकतात.

पाळीच्या त्रासावर घेतल्या जाणाऱ्या अशोकारिष्टाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. त्यात गूळ असतो आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं 5 ते 10 टक्के अल्कोहोल. शुगर असेल किंवा मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असेल तर ते चालत नाही. गुग्गुळ असलेल्या गोळ्या प्रोप्रॅनॉलॉल आणि डिल्टिआझेम या बीपी-हृदयाच्या औषधांचं शोषण घटवतात. हळदीच्या कॅप्सूल आणि लसणाचे अर्क रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर नकोत. जेवणातली हळद-लसूण वेगळी, तिला काही हरकत नाही. शतावरीत इस्ट्रोजेनसारखा गुण असल्याचं मानतात, म्हणून स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी ती घेऊ नये. ब्लॅक कोहोश या परदेशी वनौषधीने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होन या इस्ट्रोजेनसारख्या घटकांनी वाफा थोड्या कमी होतात, पण फरक कळायला 12 आठवडे लागतात. थायरॉईडच्या गोळीपासून सोया चार तास लांब ठेवा. जवसाची चटणी जेवणात खुशाल खा, पण वाफांवर तिचा खास गुण दिसलेला नाही.

सुरू केल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि पुढच्या बदलापर्यंत 6 ते 8 आठवडे जाऊ द्या. जेल, अश्वगंधा आणि नवी बीपीची गोळी एकाच आठवड्यात सुरू केली तर गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा ते कधीच कळणार नाही. पहिले तीन महिने थोडं अनियमित अंगावरून जाणं, स्तन दुखरे होणं चालतं. वाफा काही आठवड्यांतच कमी व्हायला लागतात, पण पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी घ्या. सहा महिन्यांनंतरही अवेळी रक्त जात असेल तर सोनोग्राफी करा. योनीचा कोरडेपणा आणि वारंवार होणारी लघवीची जळजळ यांना वेगळं उत्तर आहे: योनीत लावायचं एस्ट्रिऑलचं (सौम्य इस्ट्रोजेनचं) क्रीम, दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. त्याबरोबर प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

एका पोटरीला सूज येऊन ती दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, अंगाला खाज सुटणं असं दिसलं तर सगळी चूर्णं आणि काढे बंद करून त्याच दिवशी यकृताची तपासणी करा. डॉक्टरकडे जाताना चूर्णाचं नुसतं नाव सांगू नका, डबाच बरोबर न्या.