वर्गात वाढदिवस जुळवून पाहा: २३ जणांचा प्रयोग नीट कसा करायचा

एका वर्गात २३ मुलं असतील, तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता ५०.७ टक्के आहे. मुलं ४० असतील तर ८९ टक्के, ६० असतील तर ९९.४ टक्के. हे आकडे नुसते फळ्यावर लिहून कुणाला पटत नाहीत. वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा निम्मी शक्यता गाठायला पावणेदोनशे-एकशे ऐंशी माणसं तरी हवीत, असंच मन सांगत राहतं. म्हणून हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा. दहावीला संभाव्यतेचा पाठ सुरू करण्याआधीचा एक तास त्यासाठी उत्तम. मात्र तयारी न करता घेतला, तर तो हमखास फसतो आणि मुलांचा गैरसमज उलट पक्का होतो.

आधी प्रश्न नीट मांडा

सगळा घोटाळा इथेच होतो. "वर्गात कुणाचा वाढदिवस जुळतो का?" असं विचारलं की प्रत्येक मूल मनात "माझ्याशी कुणाचा जुळतो का?" असं ऐकतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांपासून फार लांब आहेत. २३ जणांच्या वर्गात एका ठरावीक मुलीशी बाकीच्या २२ जणांपैकी कुणाची तारीख जुळण्याची शक्यता जेमतेम ५.९ टक्के. ती ५० टक्क्यांवर न्यायची तर तिच्याखेरीज २५३ माणसं लागतात.

आता कुठल्याही दोघांचा प्रश्न घ्या. वर्गात मुलं एकेक करून येत आहेत असं समजा. दुसरं मूल आलं की एक जोडी होते. तिसरं आलं की दोन नव्या, चौथं आलं की तीन नव्या, आणि तेविसावं मूल एकदम २२ नव्या जोड्या घेऊन येतं. १ पासून २२ पर्यंतची बेरीज करा: २५३. पुन्हा तोच आकडा, आणि हा योगायोग नाही. ३६५ त एक अशी शक्यता असलेल्या साधारण २५३ तुलना झाल्या की निम्मी शक्यता गाठली जाते. "माझ्याशी कोण?" या प्रश्नात तेवढ्या तुलनांसाठी २५३ माणसं गोळा करावी लागतात, "कुणीही दोघं" म्हटलं की २३ माणसांत त्या होऊन जातात. ही बेरीज फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. त्यासाठी दहा मिनिटं गेली तरी चालतील, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

किती मुलं घ्यायची

२३ हा आकडा प्रसिद्ध असला तरी एकाच वर्गात दाखवायला तो वाईट. निम्म्या वेळा जुळणी होणारच नाही, आणि झाली नाही की मुलं म्हणणार, गणित चुकलं. पहिल्यांदा दाखवताना ४० किंवा त्याहून मोठी तुकडी घ्या. वेगवेगळ्या पटासाठी शक्यता अशा:

१० मुलं: ११.७ टक्के
१५: २५.३
२०: ४१.१
२३: ५०.७
३०: ७०.६
३५: ८१.४
४०: ८९.१
५०: ९७.०
६०: ९९.४

हे आकडे हजर मुलांचे आहेत, पटावरच्या नव्हे. पट ४२ चा आणि हजर ३१ असतील, तर ३१ धरा. वर्गात जुळी भावंडं असतील तर दोघांना मिळून एकच मोजा. त्यांची जुळणी नशिबाने झालेली नसते, आणि हिशेब प्रत्येकाचा वाढदिवस दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून केलेला असतो.

कृती

साहित्य थोडं: प्रत्येक मुलाला एक कोरी चिठ्ठी, महिन्यांची नावं लिहिलेले बारा कागद, चिकटपट्टी आणि भिंतीवरचं एक जुनं कॅलेंडर.

तोंडी विचारायला सुरुवात करू नका. पहिल्या मुलाने "१४ ऑगस्ट" म्हटलं की मागून कुणीतरी "माझा पण!" ओरडतं, आणि ते खरं की गंमत हे कळायला मार्ग उरत नाही. आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर तारीख आणि महिना लिहायचा. महिना आकड्यात नको, नावाने लिहायला सांगा, म्हणजे ५/६ आणि ६/५ असा गोंधळ होत नाही. जन्मवर्ष लिहून घ्यायचं नाही. त्याची गरज नाही, आणि वर्गात कुणाचं वय जास्त आहे हे सगळ्यांसमोर यायला नको.

मग भिंतीलगत जानेवारी ते डिसेंबर असे बारा कागद ओळीने चिकटवा. मुलांनी आपापल्या महिन्याखाली जाऊन १ ते ३१ अशा चढत्या क्रमाने उभं राहायचं. तारीख जुळणारी मुलं आपोआप शेजारी येतात. जानेवारीपासून एकेकाने चिठ्ठी वाचायची आणि एका मुलीने कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची. एकाच चौकटीत दुसरी खूण पडली की जुळणी. चाळीस मुलांना याला दहा मिनिटं पुरतात.

पहिली जुळणी सापडली की वर्गात कल्ला होतो आणि वाचन तिथेच थांबतं. थांबू देऊ नका, डिसेंबरपर्यंत जा. ४० मुलांच्या ७८० जोड्या होतात. ७८० भागिले ३६५ म्हणजे सरासरीने दोनाहून थोड्या जास्त जोड्या जुळायला हव्यात. दोन किंवा तीन जोड्या निघाल्या की मुलांना जो धक्का बसतो तो एका जोडीने बसत नाही. एकाच तारखेला तिघं निघाले तर त्या तीन जोड्या धराव्यात. तिघं एका तारखेला येण्याची शक्यता मात्र निम्म्यावर जायला ८८ माणसं लागतात.

हिशेब हाताने

जुळण्याची शक्यता थेट काढायला गेलात तर अडकाल. कुणाचीच न जुळण्याची काढा आणि १ मधून वजा करा. पहिल्या मुलाला कुठलीही तारीख चालते. दुसऱ्याला उरलेल्या ३६४, तिसऱ्याला ३६३. म्हणून साध्या कॅल्क्युलेटरवर ३६४ ÷ ३६५ × ३६३ ÷ ३६५ × ३६२ ÷ ३६५ असं करत जायचं. वाटेत पडताळून पाहायला हे थांबे: ५ जणांना ०.९७२९, १० ला ०.८८३१, १५ ला ०.७४७१, २० ला ०.५८८६, २२ ला ०.५२४३, २३ ला ०.४९२७.

सर्वांत जास्त होणारी चूक एका पायरीची. २३ जणांसाठी गुणक २२ असतात आणि शेवटचा ३४३ वर संपतो. ३४२ पर्यंत गेलात तर तुम्ही २४ जणांचं उत्तर काढलंत, ते ५३.८ टक्के येतं. दुसरी चूक दोन दशांश स्थळांवर आसन्न मूल्य घेण्याची. पहिलाच गुणक १ च्या इतका जवळ असतो की तो सरळ १.०० होतो आणि पुढचं सगळं बिघडतं. मध्ये आसन्न मूल्य घेऊच नका, मेमरीत आहे ती संख्या तशीच पुढे न्या. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ३६५ चा घात घेऊन एकदम उत्तर काढायचं असेल, तर ३९ जणांपर्यंत जमतं. चाळिसाव्याला संख्या शंभर अंकांच्या पलीकडे जाते आणि एरर येतो.

हुशार मुलं एक आडवाट धरतात: २५३ जोड्या, प्रत्येकीची शक्यता ३६५ त १, म्हणून २५३ भागिले ३६५, म्हणजे ६९ टक्के. "चूक" म्हणून सोडून देऊ नका. २८ मुलं घ्यायला सांगा: जोड्या ३७८, आणि भागाकार १ च्या वर! संभाव्यता १ च्या वर जाऊच शकत नाही. ही बेरीज जुळणाऱ्या जोड्यांची सरासरी सांगते. ज्या वर्गात दोन जोड्या जुळल्या तो वर्ग तिच्यात दोनदा मोजला जातो. "निदान एक जोडी" हा वेगळा प्रश्न आहे, हे या एका उदाहरणाने लख्ख कळतं.

स्प्रेडशीटवर काम आणखी सोपं. पहिल्या स्तंभात १ ते ६०. दुसऱ्या स्तंभात पहिल्या ओळीला १ लिहा, आणि त्याखालच्या प्रत्येक ओळीला वरची किंमत गुणिले (३६६ वजा त्या ओळीचा क्रमांक) भागिले ३६५. तिसऱ्या स्तंभात १ वजा दुसरा स्तंभ.

२९ फेब्रुवारीबद्दल कुणीतरी विचारणारच. तो धरला तरी २३ जणांचं उत्तर ५०.७ टक्केच राहतं. "पण सगळ्या दिवशी सारखे जन्म होत नाहीत" हा आक्षेप जास्त चांगला आहे. तो बरोबर आहे, पण त्याने शक्यता वाढते. सगळे दिवस सारखे धरणं ही सर्वांत कमी जुळण्या देणारी स्थिती आहे. आणि कुणी तिथीने वाढदिवस सांगितला तर? बारा महिन्यांच्या तीस-तीस तिथी म्हणजे ३६०. अधिक महिना आणि क्षयतिथी बाजूला ठेवल्या, तर २३ जणांना ५१.२ टक्के. उंबरठा तिथेही २३ च.

१ जूनची अडचण

पालक सभेत, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा गावातल्या कार्यक्रमात हा प्रयोग करणार असाल तर हा भाग वगळू नका. पूर्वी खेड्यापाड्यात जन्माची नोंद नसायची. मुलाला शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेऊन जनरल रजिस्टरला १ जून लावत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि त्या तारखेला वय बरोबर भरे. पुढे दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर, आधारवर तीच तारीख गेली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे ला निरोप समारंभांची गर्दी होते ती यामुळेच.

अशा मंडळींत जुळणी झाली तर ती आपल्या गणिताने झालेली नसते. समजा, दर दहातल्या एकाची कागदावर १ जून आहे. मग २३ जणांत निदान दोन १ जूनवाले निघण्याचीच शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. बाकीच्या तारखा अजून मोजल्याही नाहीत. दहा जणांतसुद्धा ती २६ टक्के होते, जिथे एरवी एकूण शक्यता ११.७ आहे.

उपाय सोपा आहे. तारीख विचारताना "कागदावरची नको, घरी साजरी करता ती" असं स्पष्ट सांगा. ज्यांना खरी तारीख ठाऊकच नाही त्यांना आदराने बाजूला घ्या, त्यांच्याकडे वाचनाचं किंवा खुणा करण्याचं काम द्या. ४२ जणांत ७ जण असे निघाले तर हिशेब ३५ चा करा, ८१.४ टक्के. शाळेतही मुलांच्या तारखा जुन्या रजिस्टरवरून उतरवून घेण्यापेक्षा मुलांनाच विचारणं चांगलं.

२३ चा आकडा खरा का, हे तपासायचं तर

एका वर्गाने ते होत नाही, बरेच गट लागतात. त्यासाठी फुटबॉल विश्वचषकाच्या याद्या फार सोयीच्या. २०१४ मध्ये ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात बरोबर २३ खेळाडू. त्यांपैकी १६ संघांत निदान दोन खेळाडूंचा वाढदिवस एका दिवशी होता. मुलांच्या एकेका गटाला एकेक संघ द्या, जन्मतारखा शोधून कॅलेंडरवर लावू द्या. २०२२ च्या याद्या वापरल्यात तर तिथे २६ पर्यंत खेळाडू आहेत आणि २६ जणांना शक्यता ५९.८ टक्के, हे ध्यानात ठेवा.

याद्या नको असतील तर स्प्रेडशीटमध्ये १ ते ३६५ मधल्या २३ यादृच्छिक संख्यांच्या शंभर ओळी तयार करा. साधारण ५१ ओळींत जुळणी दिसावी. ४१ ते ६१ मधलं काहीही आलं तरी बिघडलं असं समजू नका, शंभर ओळींत एवढा चढउतार होतोच. डब्यातून ३६५ तारखांच्या चिठ्ठ्या काढून करणार असाल तर काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायलाच हवी. ती बाहेर राहिली तर तीच तारीख दुसऱ्यांदा निघणार नाही आणि जुळणी कधीच होणार नाही.

माणसं कमी असतील तर

घरात पाचच जण आहेत? जन्ममहिना विचारा: पाच जणांत दोघांचा महिना एक असण्याची शक्यता ६२ टक्के. नक्षत्रं सत्तावीस, तिथे सात जण पुरतात, ५७ टक्के. मोबाइल नंबराचे शेवटचे दोन अंक घेतले तर १३ जणांत ५५.७ टक्के आणि २५ जणांत ९६ टक्क्यांहून अधिक. सोसायटीतल्या गाड्यांचे शेवटचे दोन अंकही चालतात, पण पसंतीचे नंबर पैसे भरून घेतलेल्या गाड्या वगळा. अंदाज काढायचा तर एकूण पर्यायांचं वर्गमूळ घ्या आणि १.१८ ने गुणा. ३६५ चं वर्गमूळ १९.१, गुणाकार साडेबावीस.

हाच अंदाज कूपन छापताना फार कामाला येतो. चार अंकी यादृच्छिक क्रमांक दिले तर दहा हजार पर्याय असूनही ११९ व्या कूपनाला दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. ५०० कूपनं असतील तर सरासरी बारा-तेरा जोड्या सारख्या निघतील. शक्यता एका टक्क्याखाली ठेवायची असेल तर कूपनांच्या संख्येचा वर्ग करा, त्याला ५० ने गुणा आणि तेवढे तरी पर्याय ठेवा. ५०० साठी हे सव्वा कोटी होतात, म्हणजे आठ अंकी क्रमांक. क्रमांक ओळखता आला तरी चालणार असेल, तर सरळ १ पासून अनुक्रमाने छापा.