शेळ्या चढवण्याआधी हौद्याचा तळ बघा

बकरी ईद हल्ली मे-जूनमध्ये येते, म्हणजे बोकडांच्या गाड्या आणि वळवाचा पाऊस एकाच आठवड्यात. देवनारला किंवा लोणंदच्या बाजारात पहाटे फाळका उघडला की पुढच्या कोपऱ्यात दोन-तीन बोकडं आडवी झालेली दिसतात. मालक म्हणतो, उष्णता लागली. उष्णता असतेच, पण बहुतेकदा त्याआधी पाय घसरलेला असतो.

पिकअपचा हौदा पत्र्याचा. त्यावर मूत, लेंड्या आणि पावसाचं पाणी पडलं की तो साबणासारखा होतो. घाटात ब्रेक लागला की एक बोकड बसतं, त्याच्यावर दुसरं येतं. कुशीवर दबून पडलेल्या जनावराला ढेकर देता येत नाही. पोटातला वायू कोंडतो, कूस फुगते, फुप्फुसांवर दाब येतो. घाट उतरेपर्यंत खेळ आटोपलेला असतो.

तळासाठी एवढं कराच. 2 इंची लाकडी पट्ट्या गाडीच्या आडव्या अंगाने, वीतभर अंतराने ठोका. उभ्या ठोकल्या तर ब्रेकच्या वेळी काही उपयोग नाही. त्यावर तागाचं बारदान, वर चार बोटं उसाचं पाचट. युरियाच्या रिकाम्या गोण्या मात्र अंथरू नका. ओलं प्लास्टिक पत्र्यापेक्षा वाईट. दोन मजली हौदा करणाऱ्यांनी वरचं मूत खाली कुठे पडतं ते आधी पाहावं.

विक्रेता तुम्हाला रबरी मॅट आणि तयार बॉडी दाखवेल. मॅट वाईट नाही, पण दुकानातच तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि चपलेने घसरून बघा. घसरली तर पैसे खिशात ठेवा. त्याच पैशात सुतार तीन कप्पे करून देईल.

कप्पे हवेतच. गच्च भरलं की बोकडं एकमेकांच्या आधाराने उभी राहतात, असं व्यापारी सांगतात. अर्धं खरं आहे. मोकळ्या हौद्यात ती फेकली जातात, पण गच्च हौद्यात पडलेलं उठतच नाही. मोटार वाहन नियमांत शेळी-मेंढीमागे 0.3 चौरस मीटर जागा आहे. म्हणजे 9 बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात 15. तीस भरून दोन मेली तर वाचवलेलं भाडं कुठे राहिलं?

बाजूच्या फळ्या खालून फूटभर बंद ठेवा, नाहीतर पाय फटीत अडकतो. वर फटी हव्यात. ताडपत्री फक्त डोक्यावर. पाऊस आला म्हणून चारही बाजूंनी आवळली की आत भट्टी होते.

निघण्याआधी:
- पशुवैद्यकाचा दाखला
- नर-मादी वेगळे, शिंगाळ बोकड वेगळा
- दिवस भरत आलेल्या गाभण शेळ्या घरीच
- धान्य, ओला लसूणघास बंद. थोडा कडबा, पाणी
- चढवायला बांध किंवा फळी. तंगडी धरून उचलायचं नाही

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. त्याची लस 1 मिली कातडीखाली, प्रवासाच्या तीन आठवडे आधी. निघायच्या दिवशी टोचून उपयोग नाही. न विकलेली जनावरं परत आली तर 21 दिवस कळपापासून दूर बांधा. 'प्रवासाचा ताण घालवणारं' टॉनिक मी कधी घेतलं नाही. उतरल्यावर लिटरभर पाण्यात मूठभर गूळ आणि अर्धा चमचा मीठ ठेवतो, पितात. माझा आणखी एक ठोकताळा आहे: संध्याकाळी रवंथ न करणारं जनावर त्या रात्री गाडीत घालायचं नाही.

निघाल्यावर पहिला थांबा अर्ध्या तासातच घ्या, चहाची वेळ होईपर्यंत थांबू नका. बॅटरी मारून पायांकडे बघा. कोणी बसलं असेल तर उठवा. कुशीवर पडून फुगलं असेल तर छातीवर, पाय पोटाखाली घेऊन बसतं करा. धापा टाकत असताना तोंडात काही ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं.